लेकराला हात लावण्याआधी

नर्सिंग शिकणाऱ्या पोरींनो,

परतवाड्याच्या एसटी स्टँडवर सकाळी सातच्या सुमारास तुम्ही मला दिसता. एप्रन घडी घालून हातावर घेतलेला, पाठीवर सॅक, आणि सगळ्यांत मिळून एक कम्युनिटी बॅग. हल्ली चारदोन मुलगेही असतात तुमच्यात, ते पाहून बरं वाटतं. सेमाडोह-हरिसालकडची गाडी लागली की तुमची जागेसाठी पळापळ होते. त्या गाडीत मी चौतीस वर्षं बसले. आधी एएनएम म्हणून आणि शेवटची काही वर्षं आरोग्य सहाय्यिका म्हणून. तुम्हाला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात, पण गाडी थांबत नाही. म्हणून लिहून देते आहे. घाट चढता चढता वाचा.

तुमची बालरोगाची पोस्टिंग आधी वॉर्डात झालेली असते. वॉर्डात लेकरू तुमच्याकडं येतं. केसपेपर तयार असतो, कॉटला नंबर असतो, डॉक्टर हाकेवर असतात. फील्डवर तुम्ही लेकराकडं जाता. तिथं त्याचा अर्धा आजार अंगात असतो आणि अर्धा घरात. पाण्याच्या गुंडात, चुलीच्या धुरात, आई कामावर किती वाजता निघते त्यात. अंगातला आजार शोधायला तुम्हाला कॉलेजनं शिकवलं आहे. घरातला आजार शोधायचा असेल तर पहिली पाच मिनिटं हात बॅगेत ठेवायचे आणि डोळे-कान उघडे ठेवायचे. माझा कानमंत्र एवढाच आहे. पुढं जे सांगते तो त्याचाच विस्तार.

आपण कितवे, हे लक्षात ठेवा

परतवाड्यापर्यंत सपाटी. मल्हारा सोडलं की घाट लागतो, आणि घटांगपासून मेळघाट अंगावर येतो. या डोंगरातल्या आयांनी तुमच्याआधी पुष्कळ वजनकाटे पाहिले आहेत. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या ३३ प्रकल्पांत आपल्या अमरावती जिल्ह्यातलं धारणी होतं. १९९३ साली इथल्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर गाजली, १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला राहून पेशंट पाहत राहिले, त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. डॉ. आशिष सातव यांची 'महान' संस्था १९९८ पासून धारणीजवळ उतावलीत काम करते आहे. पत्रकार आले, समित्या आल्या, संशोधक आले, मंत्री आले. या येणाऱ्यांनी लेकरू तोललं, वहीत आकडा लिहिला आणि ते गाडीत बसले.

म्हणून इथली कोरकू आदिवासी बाई तुमच्याकडं बघून लगेच हसली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. तिच्या लेखी तुम्ही वही घेऊन आलेली आणखी काही माणसं. एकच नियम पाळा. ज्या घरातून आकडा घेतला त्या घराला त्याच दिवशी काहीतरी द्यायचं. वजन केलं तर मागच्या वेळेपेक्षा किती वाढलं ते आईला कार्डावर बोट ठेवून दाखवायचं. ताप मोजला तर किती निघाला ते सांगायचं. आकडा आधी आईचा आहे, तुमच्या केस स्टडीचा मागून.

उंबरठ्यापाशी

दारात उभं राहून हाक मारा आणि "या" म्हणेपर्यंत थांबा. स्टेथोस्कोप गळ्यात मिरवत जाऊ नका, तो बॅगेत असू द्या. घरातली म्हातारी कुठं आहे ते आधी पाहा आणि पहिलं बोलणं तिच्याशी करा. लेकराला काय खाऊ घालायचं, दवाखान्यात न्यायचं की नाही, हे बहुतेक घरात तीच ठरवते. तिला वगळून सुनेला दिलेला सल्ला तुम्ही वळणाआड गेलात की संपतो.

बसायला गोणपाट टाकलं तर गोणपाटावर बसा. पाणी दिलं तर प्या. पाणी कशातून काढलं, ओगराळ्यानं की हात बुडवून, हे तेवढ्यात दिसतं. चूल घराच्या आत आहे का, धूर कुठून जातो, लेकरू कुठं झोपतं, मोठं भावंड आहे का, आई पुन्हा गरोदर आहे का, हे विचारावं लागत नाही. बसलं की दिसतं.

आणि वेळ सांभाळा. अकरा वाजता पोचलात तर घरात म्हातारी आणि लेकरं एवढेच भेटतील. आई सकाळी स्वयंपाक उरकून शेतात गेलेली असते. मुक्कामाची पोस्टिंग असेल तर सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीला जा.

दिवाळीनंतर तर अख्खी घरंच कुलपात दिसतील. माणसं मजुरीला सपाटीवर उतरतात, ती होळीला परततात. अशा वेळी यादीत 'घर बंद' लिहून वळू नका. शेजारी विचारा, कोणत्या गावाला, कुणाच्या शेतावर गेले. ती लेकरं बहुतेक वेळा परतवाडा-अचलपूर-अंजनगावच्या आसपासच संत्र्याच्या बागेत, वीटभट्टीवर, गोठ्याच्या कडेला सापडतात. वरच्या गावाच्या रजिस्टरमधून ती सुटलेली असतात आणि खालच्या गावात नोंदलेली नसतात. ज्या लेकराची नोंद कुठंच नाही त्याची लसही सुटते आणि आहारही. खालची पोस्टिंग लागली की असे तळ शोधून काढा आणि त्या गावच्या आशाताईला दाखवा.

श्वास मोजायचा तो पूर्ण मिनिटभर

आता एक गोष्ट जवळून दाखवते.

सर्दी-खोकल्याचं लेकरू आहे. आईच्या मांडीवर झोपलंय किंवा शांत बसलंय. त्याला उचलू नका. तुमच्याकडं घेतलंत की ते रडेल आणि रडणाऱ्या लेकराचा श्वास मोजून काही उपयोग नाही. दूध पीत असेल तर थांबा. आईला म्हणा, "माय, याचा सदरा थोडा वर घे ना." तिनंच घेऊ द्यावा. मग उजेड लेकराच्या पोटावर पडेल असं बसा आणि घड्याळ नजरेच्या रेषेत धरा, म्हणजे पोट आणि काटा एकाच वेळी दिसतात. पोट वर आलं की एक. पूर्ण साठ सेकंद. तीस सेकंद मोजून दुप्पट करणं सोडा, तान्ह्याचा श्वास मध्येच थांबून थांबून चालतो आणि दुपटीनं चूकही दुप्पट होते.

दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. हे आकडे पाठ हवेत. तान्ह्याचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. मग फासळ्यांच्या खाली बघा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर बोलण्यात वेळ घालवायचा नाही, गाडीची सोय बघायची.

ही विद्या साधी दिसते म्हणून हलकी समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी मण्यांचं एक साधन केलं होतं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. पुढं त्याच संस्थेनं गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या या कामानं नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्याचं मूळ तिथं आहे. तुमच्या पोस्टिंगमध्ये यातल्या किमान दोन भेटी तिच्याबरोबर करा. मागं चाला आणि पाहा. बाळ कसं धरायचं, आईला कसं विचारायचं, हे ती तुम्हाला शिकवेल.

तळपाय आणि पोट

नवजात बाळाला थर्मामीटर लावण्याआधी तुमच्या हाताचा पालथा भाग वापरा. आधी हात धुवा, पुसा, एकमेकांवर चोळून गरम करा. मग बाळाच्या तळपायाला लावा, नंतर पोटाला. दोन्ही गरम, तर ठीक. पाय गार आणि पोट गरम, तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार, तर बाळ धोक्यात आहे. चिखलदऱ्याच्या थंडीत कमी वजनाचं बाळ एका रात्रीत गार पडतं. त्याला आईच्या उघड्या छातीशी लावायचं, डोक्याला टोपी, पायात मोजे, वरून पातळ आणि गोधडी. आई थकली तर बाप, आजी कुणीही छातीशी घेऊ शकतं. त्यांना तिथंच बसवून करून दाखवा.

दूध ओढत नाही, अंग सैल टाकलंय, आवाज बारीक झालाय, नाळेभोवती लाली आहे, झटके आले, यातलं एक जरी दिसलं तरी ते बाळ घरी ठेवायचं नाही.

पहिलं पिवळं दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून फेकून देणारी घरं अजून भेटतात. तिथं व्याख्यान देऊ नका. गाईला वासरू झालं की पहिल्या चिकातलं वासराला पाजतात की नाही, एवढं म्हातारीला विचारा. ती शेतकरीण आहे. उत्तर तिचं तिलाच सापडतं.

काटा आणि पट्टी

वजन करण्याआधी रिकामी झोळी काट्याला अडकवा आणि काटा शून्यावर आणा. हे रोज, प्रत्येक गावात. कपडे काढून तोला, करदोड्याला जड ताईत-पेट्या असतील तर तसं लिहा. आकडा डोळ्यांच्या समोर आणून वाचा, खालून वाचलं तर चुकतो.

दंडाची पट्टी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांना. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. पट्टी ना रुतली पाहिजे ना लोंबली पाहिजे. ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळी. आणि पट्टी हिरवी आली तरी दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबून पाहा. दोन्हीकडं खळगा राहिला तर ती सूज आहे. सुजेचं लेकरू गुबगुबीत दिसतं, काट्यावरही वजन भरतं, आणि तेच सगळ्यांत जास्त धोक्यात असतं.

लाल पट्टीचं लेकरू सापडलं की अंगणवाडी सेविकेला त्याच दिवशी सांगा. ते लेकरू गावातल्या बाल विकास केंद्रात ठेवायचं की खाली पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं, हे त्याची भूक, ताप, सूज बघून डॉक्टर ठरवतील. तुम्ही आईला एक गोष्ट विचारा, "तू गेलीस तर घरच्या बाकीच्या लेकरांना कोण बघंल?" बहुतेक आया इथंच अडतात. दोन आठवडे दवाखान्यात राहायचं म्हणजे मजुरी बुडते आणि घरची लेकरं उघडी पडतात. तो प्रश्न सोडवून दिला तर आई येते. नुसतं "न्यायलाच पाहिजे" म्हणून ती येत नाही.

आहार सांगताना तक्त्यातली नावं बाजूला ठेवा. घरात काय आहे ते बघा. कुटकीचा भात, मक्याची भाकर, तुरीचं वरण, शेवग्याचा पाला, भुईमूग, अंगणवाडीतलं अंडं. जे आहे ते कुस्करून, तेलाचा थेंब घालून, दिवसातून जास्त वेळा. "रोज फळं द्या" असं सांगून तुम्ही निघालात तर त्या बाईला एवढंच कळतं की तिच्या घरात काय आहे ते तुम्ही पाहिलंच नाही.

सांगू नका, करून घ्या

ही माझी चूक आहे आणि ती मी दरवर्षी नव्या मुलींना सांगते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी जुलै महिन्यात हगवणीची साथ होती. एका घरी मी ओआरएसचं पाकीट दिलं आणि म्हटलं, "लिटरभर पाण्यात कालवून थोडं थोडं पाज." बाईनं मान हलवली. पुढची बरीच घरं राहिली होती, मी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मन राहिना म्हणून परत गेले. तिनं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं होतं. लेकरू तहानेनं तडफडत होतं, चिडचिड करत होतं आणि ते जास्त रडलं की ती तेच खारं पाणी आणखी पाजत होती. लिटर म्हणजे किती हे तिच्या घरात मोजायला काहीच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. लेकराला जीपमध्ये घालून खाली आणलं. ते वाचलं. पण त्या घाटातलं प्रत्येक वळण मला आजही आठवतं.

तेव्हापासून माझी रीत ठरली. बॅगेत लिटरची रिकामी बाटली ठेवायची. घरातलं एखादं भांडं घ्यायला सांगायचं, बाटलीनं पाणी मोजून त्यात ओतायचं आणि पाणी जिथवर येईल तिथं आतून खूण करायची. मग पाकीट आईनं फोडायचं, आईनं ढवळायचं, आईनं चव घ्यायची. अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, वाटी-चमच्यानं. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जास्त सावकाश. उरलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. झिंकची गोळी चौदा दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदाच. दोन ते सहा महिने अर्धी, पुढं पूर्ण. अंगावरचं दूध चालूच. आणि शेवटी आईला म्हणायचं, "आता तू मला सांग, कसं करशील?" तिनं बरोबर सांगितलं की मगच उठायचं.

म्हातारी, भूमका आणि डागणी

पोट फुगलं की लेकराच्या पोटावर तापलेल्या सळईनं चटके द्यायची रीत मेळघाटात अजून आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यात बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे चटके दिल्याची बातमी तुम्हीही वाचली असेल. तपासताना पोट उघडं केलं की डाग दिसतील. त्या क्षणी तुमचा चेहरा काय करतो यावर पुढचं सगळं ठरतं. ओरडलात तर ती बाई पुढच्या वेळी लेकरू लपवेल, आणि तिच्या शेजारणीही.

मी डागावर बोट न लावता विचारायची, "तेव्हा याले काय होत होतं वं?" ती सांगायची, "पोट टम्म झालं होतं बाई, रात्रभर रडे, दूध घेये नाई." म्हणजे आजार खरा होता आणि काळजीही खरी होती, इलाज जीवघेणा होता. मग म्हणायची, "असं झालं की पुढच्या वेळी आधी मले नाई तं आशाताईले हाक मार. मध्यरात्री मार." नवे चटके असतील तर मात्र ते बाळ लगेच डॉक्टरांपर्यंत गेलं पाहिजे आणि उपकेंद्राच्या सिस्टरला त्याच तासाला कळवलं पाहिजे. यात गुप्तता पाळायची नाही.

भूमका म्हणजे गावातला मांत्रिक-वैदू, मानाचा माणूस आहे. त्याला भेटा, नमस्कार करा. त्याला शत्रू करू नका. तो लेकरासाठी पूजा करतो तेव्हा पूजा करू द्या आणि एवढंच मागा की श्वास लागलेलं आणि दूध सोडलेलं लेकरू त्यानं थांबवून ठेवू नये. असे भूमके मी पाहिले आहेत ज्यांनी नारळ फोडला आणि स्वतः गाडीत बसवून लेकरू दवाखान्यात पाठवलं.

कोरकूतले काही शब्द पहिल्याच दिवशी शिका. डा म्हणजे पाणी, जोम म्हणजे खाणं. उच्चार चुकला तर बाया हसतील. हसू द्या. त्या हसण्यानंतर दार उघडतं.

लसीच्या दिवशी

लेकरू आईच्याच मांडीवर असू द्या. दोघीतिघींनी धरून टेबलावर दाबू नका. टोचण्याआधी सुई त्याला दिसू नये, टोचल्यावर लगेच पाजायला लावा, जागा चोळू देऊ नका. गोवर-रुबेलाची कुपी फोडली की तिच्यावर वेळ लिहा, चार तासांनंतर ती फेकायची, मग कितीही डोस उरलेले असोत. टोचून झाल्यावर चार गोष्टी प्रत्येक आईला सांगायच्या. आज कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवायचं. मजुरीला खाली जाताना कार्ड सोबत न्यायचं, ही पाचवी गोष्ट आपल्या भागासाठी माझी. मग अर्धा तास बसवून ठेवायचं. त्या अर्ध्या तासात बायका आपसात जे बोलतात ते ऐका.

सपाटीवरची घरं

तुमच्यापैकी काहींना खालची गावं मिळतील, कापसाची आणि संत्र्याची. ती सोपी समजू नका. घरात शिरलात की फवारणीच्या औषधाची बाटली कुठं आहे ते पाहा. खाटेखाली, कोनाड्यात, कधी पाण्याच्या माठाशेजारी. रिकाम्या डब्यात तेल नाही तर धान्य भरलेलं असतं. घरच्या माणसालाच ती बाटली उचलायला लावा आणि कुलपात, नाही तर लेकराच्या हाताला लागणार नाही इतक्या उंच ठेवून घ्या. फवारणी करून आलेल्या बापानं आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय लेकरू उचलायचं नाही.

पावसाळ्यात जमिनीवर झोपणारी लेकरं असतील तर मण्यार लक्षात ठेवा. पहाटे लेकरू पोट दुखतंय म्हणतं, ओकतं, पापण्या मिटायला लागतात आणि दंशाची खूण दिसतही नाही. अशा लेकराला पोटदुखीचं औषध देऊन थांबायचं नाही.

पिवळट डोळ्यांचं, सारखं अंग दुखतं म्हणणारं, तान्हेपणी हातापायाची बोटं सुजून गेलेलं लेकरू दिसलं तर सिकलसेलची तपासणी झाली का ते विचारा. विदर्भात हा आजार बराच आहे आणि घरातल्या एकाला निघाला तर भावंडांचीही तपासणी लागते.

तुमची हद्द आणि तुमची वही

तुम्ही शिकणाऱ्या आहात. स्वतःच्या मनानं औषध द्यायचं नाही, एकटीनं इंजेक्शन द्यायचं नाही. शंका आली की उपकेंद्राच्या सिस्टरला, ट्यूटर मॅडमना हाक मारायची. १०८ आणि १०२ हे नंबर सगळ्यांना माहीत असतात, पण डोंगरात फोनला रेंज कुठं येते हे गावातल्या पोरांना माहीत असतं. गावात गेल्या गेल्या ती जागा विचारून ठेवा आणि जीप कुणाकडं आहे तेही.

वहीत नोंद जागेवर करा, वेळेसकट. केस स्टडीत लेकराचं नाव, घर क्रमांक लिहू नका. लेकराचे फोटो काढून मोबाईलवर फिरवू नका, स्टेटसला ठेवू नका. बारीक झालेलं लेकरू कुणाच्या तरी काळजाचा तुकडा आहे. तुमच्या लहान भावाचा तसा फोटो कुणी लावला तर तुम्हाला कसं वाटेल?

आणि एक सांगते. कधी तरी तुम्ही तोललेलं, हसवलेलं लेकरू पुढच्या भेटीला नसेल. त्या घरी जायचं टाळू नका. जा, आईजवळ बसा, बोलायला सुचलं नाही तर गप्प बसा. ते झाल्यावर वही काढून सिस्टरबरोबर बघा, कोणत्या दिवशी काय दिसलं होतं, कुठं उशीर झाला. रडायचं असेल तर रडा. मी रडले आहे. पण नोंद पूर्ण करा, कारण त्या नोंदीवर पुढचं एखादं लेकरू वाचतं.

शेवटच्या दिवशी

पोस्टिंगचा शेवटचा दिवस फाइलवर सह्या घेण्यात जातो. यंदा तसं करू नका. अर्धा दिवस मोकळा ठेवा. पहिल्या आठवड्यात गेलेल्या प्रत्येक घरी परत जा. लाल पट्टीच्या लेकराची पट्टी पुन्हा लावा, ओआरएसच्या भांड्यातली खूण आहे का बघा, लस राहिलेल्यांची यादी करा. ज्यांच्याकडं काम अपुरं राहिलं त्यांची नावं एका कागदावर काढा आणि तो कागद आशाताईच्या हातात द्या, समोर बसून वाचून दाखवा. म्हातारीला सांगा की आम्ही जातो आहोत आणि आता आशाताईला हाक मारा.

मग परतवाड्याची गाडी पकडा.